कॅटकॉनखाली हात घालण्याआधी : कोकणातल्या गॅरेजमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गॅरेजमधला ‘कॅटकॉन’, बाहेरून सायलेन्सरच्या डब्यासारखाच दिसतो. त्यामुळे नवीन आलेला मुलगा त्याला सायलेन्सर समजूनच हात घालतो. फरक आत आहे. सायलेन्सर नुसता धूर पुढे सोडतो, तर कॅटकॉनमध्ये धुरावर रासायनिक प्रक्रिया होते आणि त्या प्रक्रियेतून उष्णता निघते. स्टीलच्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साईड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साईड यांचं रूपांतर तिथे होतं. हे काम सुरू व्हायला २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. चालत्या गाडीत ते ४०० ते ८०० अंशांपर्यंत जातं. इंजिन मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल थेट विटेवर जाऊन जळतं. मग डबा लालभडक होतो आणि आतलं तापमान हजार अंशांच्या खूप वर गेलं की वीट वितळू लागते.

१९९५ साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांपासून आपल्याकडे कॅटकॉनची सक्ती सुरू झाली. धुराबाबतचे बीएस-६ निकष लागू झाल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनच्या स्कूटर-मोटारसायकलींनाही तो असतोच. त्यामुळे ‘आपल्याकडे मोठ्या गाड्या येत नाहीत’ म्हणून हे शिकायचं टाळता येत नाही.

भाजण्याची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून त्याबाबत बहुतेक जण सांभाळून राहतात. जीव जातो तो वायूने आणि अंगावर पडलेल्या गाडीने. धुळीचं नुकसान तर बऱ्याच वर्षांनी कळतं. खालची माहिती त्याच हिशेबाने कमी-जास्त लांबीची आहे.

थंड होऊ द्या, आणि थंड झालाय हे मोजून बघा

गाडी आली की आधी विचारा, कुठून आली. गावातल्या गावात फिरलेली गाडी आणि पाच माणसं, वर सामान घेऊन भोस्ते किंवा परशुराम घाट चढून आलेली गाडी यांत फार फरक आहे. इंजिन बंद केल्यावरही वीट आतली उष्णता बराच वेळ धरून ठेवते. बाहेरचा पत्रा निवल्यासारखा वाटतो, पण फ्लँजचे, म्हणजे पाइपच्या जोडाचे, बोल्ट तसेच तापलेले असतात. बॉनेट उघडा ठेवून किमान एक तास थांबा. घाट चढून आलेली किंवा मिसिंग असलेली गाडी असेल तर दोन तास. हल्ली बऱ्याच गाड्यांत कॅटकॉन इंजिनला चिकटूनच, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या) खाली असतो. तिथे वारा लागत नाही, म्हणून तो आणखी उशिरा निवतो.

हाताने अंदाज घेऊ नका. इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे टेंपरेचर गन, साध्या कॅटकॉनच्या कामालाही लागतेच. मात्र चकचकीत स्टेनलेसच्या पत्र्यावर गन खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवते. गंजलेल्या फ्लँजवर किंवा काळ्या पडलेल्या वेल्डवर मोजा. आकडा ५० अंशांच्या खाली आला की पाना लावा. एरवी नावडता असलेला आपल्याकडचा गंज इथे उपयोगी पडतो.

घाई आहे म्हणून पाणी ओतणं सगळ्यात वाईट. वाफेने चेहरा भाजतो, आणि तापलेली वीट एकदम आकसून तडकते. पावसात तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर ‘खालून खडखड येते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत हे कारणही तपासायचं असतं.

गाडी उचलणं

गॅरेजची जमीन काँक्रीटची असेल तर अर्धी काळजी संपली. अंगणात, लाल मातीत किंवा जांभ्याच्या फरशीवर काम असेल तर पावसाळ्यात जॅकचं बूड जमिनीत जातं. ते एका बाजूने जातं, म्हणून गाडी घसरते. जॅकखाली आणि प्रत्येक स्टँडखाली साधारण ३० बाय ३० सेंटीमीटरची, ६ मिलिमीटर जाड लोखंडी प्लेट ठेवा आणि तिच्याखाली जाड प्लायवूड.

क्रम असा ठेवा. पुढची बाजू उचलायची असेल तर मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक ओढा, गिअर टाका. मग उचला, दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावा, जॅक हलकेच सोडून वजन स्टँडवर येऊ द्या. आत शिरण्याआधी गाडीला खांद्याने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे.

स्टँडऐवजी जांभ्याचा चिरा लावण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. चिरा भिंतीत चांगला, कारण तिथे वजन सगळीकडे सारखं पडतं. गाडीचं वजन एका काठावर आलं की तो आधी न सांगता फुटतो. भिजलेला चिरा आणखी कच्चा.

दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची. समुद्राकाठी वापरलेल्या जुन्या गाड्यांच्या दारांखालची पट्टी वरून रंगवलेली आणि आतून पोखरलेली असते. स्टँड लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. ते आत गेलं तर ती जागा सोडा आणि पुढच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या लोखंडी दांड्याला, आधार द्या.

वायू

कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. हवेत २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) असेल तर दोन-तीन तासांत डोकं दुखू लागतं. १,६०० पीपीएमला वीस मिनिटांत चक्कर, मळमळ आणि तासाभरात मृत्यू येऊ शकतो. थंड इंजिन सुरू केल्यावर कॅटकॉन गरम होईपर्यंत धुरात हा वायू टक्क्यांमध्ये असू शकतो आणि एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. कॅटकॉनच्या आधीच्या जोडातून धूर गळत असेल तर तो साफ न झालेलाच धूर असतो. ‘बीएस-६ गाडी आहे, धूर स्वच्छ असतो’ हे वाक्य नेमकं आपल्या कामाच्या वेळी खोटं ठरतं.

कोकणात याचा मोसम पावसाळा. तिरका पाऊस आत येतो म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं असतं. वीज गेलेली असते म्हणून जनरेटर आत, कोपऱ्यात चालू असतो. वर गाडी चालू ठेवून कुणीतरी इंजिनातला बिघाड दाखवणारा स्कॅनर लावून बसलेलं असतं. शटर अर्धं उघडं म्हणजे हवा खेळती, असं होत नाही. पंखा तीच हवा फिरवतो.

म्हणून हे नियम. जनरेटर बाहेर, पत्र्याच्या शेडखाली, दारा-खिडकीपासून लांब. इंजिन चालू करायचंच असेल तर गाडीचं मागचं तोंड बाहेर काढा किंवा टेलपाइपला उष्णता सहन करणारा होज लावून त्याचं दुसरं टोक भिंतीबाहेर सोडा. माणूस गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यात असताना वरचं इंजिन चालू करायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही. खड्ड्यात पेट्रोलची वाफही साचते, कारण ती हवेपेक्षा जड असते. एलपीजीचंही तसंच. सीएनजी उलटा, हलका. तो छताखाली जमतो. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म भिंतीवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला लावा.

डोकं जड होणं, मळमळणं, पाय लटपटणं याला मे महिन्यात ‘ऊन लागलं’ आणि श्रावणात ‘उपास आहे’ अशी उत्तरं तयार असतात. एकाच शेडमधल्या दोघांना एकाच वेळी असं झालं तर ते ऊन नव्हे. इंजिन बंद करा, सगळ्यांनी बाहेर पडा. कुणी खड्ड्यात कोसळला असेल तर लगेच मागोमाग उडी मारू नका. आधी इंजिन बंद, शटर पूर्ण वर, १०८ ला फोन, मग दोघांनी मिळून ओढून काढायचं. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच.

तपासणी करतानाच कॅटकॉन पेटवू नका

मिसिंग कुठल्या सिलिंडरला आहे हे बघायला चालू इंजिनवर प्लगची वायर काढायची, ही जुनी पद्धत कॅटकॉनच्या गाडीला चालत नाही. त्या सिलिंडरचं पेट्रोल न जळता थेट विटेवर जातं आणि काही मिनिटांत डबा लाल होतो. वर शॉक बसण्याची भीती वेगळीच. त्याऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढा, म्हणजे पेट्रोलच बंद. चालू न होणारी गाडी सतत स्टार्टर मारून किंवा ढकलून चालू करणं हेही त्याच कारणासाठी टाळा.

वीट फुटली आहे का हे बघायला इंजिन पूर्ण थंड असताना कॅटकॉनच्या डब्यावर रबरी हातोड्याने हलके ठोका. खळखळ ऐकू आली तर आतले तुकडे सुटलेत. पिकअप नाही, गाडी वर चढत नाही, कॅटकॉन चोक झालाय (आतून तुंबलाय) अशी शंका असेल तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावतात. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला साधारण तीनच्या आत प्रेशर असायला हवं. गेजचा अडॅप्टर थंड असताना बसवा, गेजची नळी गरम पाइपला टेकू देऊ नका आणि काम एक-दोन मिनिटांत आटपा. चोक झालेल्या कॅटकॉनवर रेस देत राहिलं की मागे कोंडलेली उष्णता इंजिनच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. चोक होण्याचं मूळ कारण, म्हणजे मिसिंग किंवा ऑईल खाणारं इंजिन, आधी दुरुस्त करा. नाहीतर नवा कॅटकॉनही त्याच वाटेने जाईल.

खोलणं

आपल्याकडे अर्धं काम गंजाशी भांडण्यात जातं. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या संध्याकाळी, थंड पाइपवर मारून ठेवा. गरम पाइपवर मारला तर तो पेटतो. ब्रेक क्लीनरबाबत आणखी सावध राहा. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतो. त्याचा ओलावा उरलेल्या जागी वेल्डिंग केलं तर फॉस्जीन नावाचा अतिशय विषारी वायू तयार होतो. वेल्डिंगच्या जागी ब्रेक क्लीनर वापरायचाच नाही, असा सरळ नियम ठेवा.

हातमोजे चामड्याचे, डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा. खाली झोपून वर बघत काम करताना गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यांत पडतात, साधा चष्मा पुरत नाही. हिट शील्डचा, म्हणजे कॅटकॉनची उष्णता अडवणारा, पत्रा पातळ आणि कडेला धारदार असतो. तो हलकेच उघडा आणि वर काय आहे ते बघा. पावसाळ्यात उंदीर तिथे काथ्या, सुकं गवत आणि प्लास्टिक भरून घर करतात. घाण हातमोज्याने, ओली करून काढा. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो आणि हाताला कापलं असेल तर धोका वाढतो. पुरात बुडालेल्या गाडीच्या चिखलालाही हेच लागू. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळुणात कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्यांखाली काम करताना गमबूट, रबरी मोजे हवेत आणि नंतर साबणाने हात-पाय धुवायला हवेत. दोन-तीन आठवड्यांच्या आत ताप आला तर डॉक्टरांना हे काम केल्याचं आवर्जून सांगा.

ऑक्सिजन सेन्सरला २२ चा पाना लागतो. वायर जाण्यासाठी बाजूने चीर असलेली गोटी (सॉकेट) घ्या. पाइप अगदी गार असताना सेन्सर कधीकधी सुटत नाही, कोमट असताना सुटतो. मात्र कोमट म्हणजे ५० अंशांच्या आसपास, हातमोजे घालून. नवा सेन्सर बसवताना अँटी-सीझ ग्रीस (आटे जाम होऊ न देणारं) फक्त आट्यांना, टोकाला नाही. बऱ्याच सेन्सरना ते कंपनीतूनच लावलेलं असतं. आवळायला साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर जोर पुरे, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यावा.

काही गाड्यांत डाऊन पाईपच्या (इंजिनाकडून खाली येणाऱ्या पाइपच्या) जोडाला स्प्रिंगचे बोल्ट असतात. शेवटच्या आट्यांवर स्प्रिंग उडते, तोंड बाजूला ठेवा. आणि शेवटचा बोल्ट काढण्याआधी कॅटकॉनखाली जॅक किंवा मजबूत तारेचा आधार द्या. तो सेन्सरच्या वायरवर लोंबकळता कामा नये, आणि छातीवर तर नाहीच.

बोल्ट सुटत नाही म्हणून गॅसने तापवणं किंवा ग्राइंडर लावणं शक्यतो टाळा. आधी नट फोडायचं हत्यार किंवा हॅकसॉ वापरून बघा. ग्राइंडरशिवाय इलाज नसेल तर पेट्रोलची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते बोट ठेवून शोधा. त्यांच्यावर ओलं जाड गोणपाट टाका. सीएनजी गाडीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून नळीतला गॅस संपू द्या. हाताशी ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर आणि वाळूची बादली ठेवा. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा तुकडा जोडू नका. त्यातल्या जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो.

धूळ

वीट आणि बाहेरचा डबा यांच्या मध्ये सिरॅमिक तंतूंची गादी असते. कॅटकॉन फुटला किंवा कापला की हे तंतू आणि विटेची भुकटी हवेत येते. या प्रकारच्या सिरॅमिक तंतूंमुळे कर्करोग होण्याची शक्यता मानली जाते. फार तापलेल्या गादीत सिलिकाचे स्फटिकही तयार होतात आणि सिलिकाने फुप्फुसं खराब होतात. त्वचेला खाज सुटते ती लगेच, बाकीचं नंतर.

तोंडाला बांधलेला रुमाल, ओला असला तरी, उपयोगाचा नाही. नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. सांडलेल्या भुकटीवर एअर गन कधीही मारू नका. पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने पुसा, फडक्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि पिशवीवर दुसरी पिशवी घाला. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. चहाचा कप त्या बाकावर नको.

आतली वीट सळईने फोडून रिकामा डबा परत बसवून द्या, अशी मागणी करणारं गिऱ्हाईक येतंच. या कामात सगळ्यात जास्त धूळ उडते, गाडीचा चेक लाईट पेटून राहतो, आणि प्रदूषणाची यंत्रणा काढलेली गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे. नाही म्हणा.

बसवणं आणि चालवून बघणं

जुनं पॅकिंग परत वापरू नका. जोडाला साधा सिलिकॉनचा सीलंट लावू नका, त्याने सेन्सर आणि वीट दोन्ही खराब होतात. बोल्ट आळीपाळीने आवळा. ८ मिलिमीटरच्या बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर, १० च्या बोल्टला ४० ते ५०, पुन्हा मॅन्युअल बघून. हिट शील्ड सगळ्या बोल्टांसह परत लावा. ‘खडखडतं म्हणून काढून टाकलं’ असं शील्ड नंतर आग लावतं.

गाडी उघड्यावर आणा. थंड असतानाच सुरू करून जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती. पाइप तापल्यावर ही तपासणी होत नाही. पहिली पाच-दहा मिनिटं हातांच्या तेलामुळे थोडा धूर येतो, तो थांबायला हवा. न थांबला तर इंजिन बंद करून थंड होऊ द्या आणि काय जळतंय ते शोधा.

बहुतेक वेळा जळत असतं ते काळं ऑईल. पावसाआधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला जुनं इंजिन ऑईल किंवा रबर कोटिंग मारण्याची पद्धत कोकणात आहे. ते कॅटकॉन, पाइप, हिट शील्ड आणि सेन्सरवर अजिबात येता कामा नये. कोटिंग मारण्याआधी हे भाग झाका, आणि आधीच उडालेलं असेल तर थंड असताना पूर्ण पुसून काढा.

ट्रायल मारून आल्यावर गाडी गवतावर लावू नका. दिवाळीनंतर कातळावरचं गवत वाळून पिवळं होतं. अंगणात पेंढा, सुक्या झावळ्या, काजूचा पाला असतो. गाडी उभी राहिल्यावर वारा थांबतो आणि खालचा गवताचा थर तापत राहतो. गिऱ्हाइकालाही हे सांगा. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर, थंड गाडीवर, बोल्ट पुन्हा तपासायला बोलवा.

डिझेल आणि दुचाकी

डिझेलच्या बीएस-६ गाड्यांत कॅटकॉनसोबत काजळी पकडणारा डीपीएफ असतो. स्कॅनरवरून तो साफ करताना आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं आणि मागून निघणारी हवाही फार तापलेली असते. हे काम उघड्यावर, काँक्रीटवर करा. टेलपाइपच्या मागे माणूस, कुंपण, गवत काहीही नको आणि संपेपर्यंत गाडी सोडून जाऊ नका. स्कूटर-मोटारसायकलीत कॅटकॉन बहुतेकदा सायलेन्सरच्या आत असतो, म्हणून पूर्ण सायलेन्सर निवेपर्यंत थांबा आणि अर्ध्या चड्डीत काम करू नका.

भाजलं तर

अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, ऑईल काही लावू नका. फोड फोडू नका. तळहात, चेहरा, सांधा किंवा तळहातापेक्षा मोठी जागा भाजली तर दवाखाना. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, पंधरा मिनिटं पाण्याने धुवा. रुतलेला कण स्वतः काढू नका.

जुना कॅटकॉन

आतल्या धातूंमुळे जुन्या डब्याला चांगली किंमत येते, म्हणून फिरता भंगारवाला ‘इथेच फोडून देतो’ म्हणतो. गॅरेजमध्ये फोडू देऊ नका, धूळ तुमच्याच शेडमध्ये राहते. दोन्ही तोंडं प्लास्टिक आणि टेपने बंद करा. गाडीचा नंबर आणि तारीख मार्करने वर लिहा. डबा मालकाचा आहे, तो त्याला दाखवून परत द्या. त्याला नको असेल तर बिलावर तसं लिहून सही घ्या आणि पुनर्वापराचा परवाना असलेल्या व्यावसायिकालाच पावतीवर विका. डबा कुठून आला असं विचारलं गेलं तर दाखवायला ती पावती आणि बिलाची प्रत फाइलला लावून ठेवा.